सगळ्यांच्या मागे चालणारा

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एका तळ्याचा मोठा फोटो लावलेला आहे. निळंहिरवं पाणी, मागे बर्फाचे पट्टे असलेला काळा कडा, आणि पुढे आमच्या मराठी मंडळातली पंधरा-वीस माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी. त्यात माझी बायको आहे. मी नाही. घरी येणारा नवा पाहुणा चहाचा कप घेऊन फोटोसमोर उभा राहतो, मला शोधतो, आणि मग स्वतःच उत्तर काढतो. "अच्छा, म्हणजे फोटो तुम्ही काढलात." पूर्वी मी खरं काय ते सांगायचो. पण ते सांगायला फार वेळ लागतो आणि चहा गार होतो, म्हणून आता नुसती मान हलवतो. फोटो दुसऱ्याच कोणी काढलेला आहे. ते तळं मी पाहिलेलं नाही.

डेन्व्हरच्या बाहेर राहायला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली. मागच्या खिडकीतून डोंगर दिसतात. ऑफिसातल्या लोकांना वाटतं, हा माणूस पुण्यात असताना दर रविवारी एखादा गड चढायचा, म्हणजे इथे तर सदा वरच असेल. कसलं काय. उंचावरच्या वाटांवरचा बर्फ वितळून त्या चालण्याजोग्या होतात त्या वर्षातून दोन-अडीच महिने. त्यातला एक शनिवार ऑफिसच्या ऑन-कॉलचा, एक वणव्यांच्या धुराचा, एक पहाटेच पार्किंग भरल्यामुळे हात हलवत परत येण्याचा, आणि एक कोणाच्या तरी मुलीच्या ग्रॅज्युएशन पार्टीचा. एकट्याने डोंगरात जाऊ नये हे मीच आयुष्यभर लोकांना शिकवत आलो, तेव्हा तीही सोय नाही. बायकोला विचारावं तर ती म्हणते, "मी पाहिलंय ना ते. नवीन कुठेतरी जाऊ." राहता राहिली मंडळाची उन्हाळी सहल, आणि ती मंडळी दरवर्षी त्याच तळ्यावर जातात, कारण तिथला फोटो चांगला येतो.

या सहलीत मी मागे कसा पडलो ते सांगतो. पहिल्याच वर्षी एक कुटुंब चुकीच्या फाट्याला लागलं आणि भलत्याच पार्किंगमध्ये जाऊन उतरलं, आणि त्यांना शोधायला मी अर्ध्या वाटेतून परत फिरलो. पुढच्या मीटिंगमध्ये त्यावर बरीच चर्चा झाली आणि मी तोंड उघडलं. तिथेच चुकलं. म्हटलं, आमच्या पुण्याच्या ग्रुपमध्ये एक पद्धत होती. सगळ्यांत मागे एक अनुभवी माणूस चालायचा. शिट्टी आणि औषधं त्याच्याकडे. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही आणि त्याने कोणाच्या पुढे जायचं नाही. सगळ्यांत हळू चालणारा जिथून परत फिरेल, तिथून तोही परत फिरणार, कारण डोंगरात कोणाला एकटं सोडायचं नसतं. सगळ्यांना कल्पना फार आवडली. मराठी मंडळाची घटना कोणी वाचलेली नसते, पण तिचं पहिलं कलम सगळ्यांना पाठ असतं, ते म्हणजे ज्याने सुचवलं त्याने करायचं. बटाटेवड्याचा घास तोंडात असतानाच माझी नेमणूक झाली.

तेव्हापासून मी मागे. मागे चालणाऱ्याला डोंगर दिसत नाही, पाठी दिसतात. ज्यांच्या पाठी दिसतात त्यांना सारखं काहीतरी होत असतं. बुटाची नाडी सुटते, गॉगल मागच्या वळणावर विसरतो, पोरांना भूक लागते. कोणी पाठीवरच्या नव्या हायड्रेशन बॅगची पाणी प्यायची नळी दाताने ओढत बसतो. मी थांबायचो आणि हसून म्हणायचो, "काही घाई नाही. आरामात." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की मंडळात माझी नक्कल करायची झाली तर मुलं तेच म्हणून दाखवतात. लोक मला फार शांत स्वभावाचा समजतात.

शेवटची तीन वर्षं माझ्या पुढची पाठ काकूंची होती. काकू नागपूरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, आता मुलगा-सुनेजवळ इथेच राहतात. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असतील, पण सगळे काकू म्हणतात म्हणून मीही म्हणतो. चालायची हौस दांडगी, दम कमी. वाट आधी गर्द सूचिपर्णी झाडांमधून वर चढते, मग झाडं खुजी होत होत एकदम संपतात आणि पुढे नुसत्या फुटलेल्या दगडांचा लांबच लांब उतार लागतो. त्या उताराच्या माथ्यावर खिंड. तळं खिंडीपलीकडे, खालून त्याचा मागमूस लागत नाही. झाडं संपतात तिथे एक सपाट शिळा आहे. काकू दरवर्षी तिथवर यायच्या, शिळेवर बसायच्या आणि म्हणायच्या, "बास झालं बाप्पा."

तोवर अकरा वाजून गेलेले असायचे. इथे उन्हाळ्यात दुपारी ढग जमतात, विजा पडतात, म्हणून एकच्या आत उघड्या माथ्यावरून खाली यायचं हा नियम. काकू बसल्या म्हणजे आमची सहल संपली. खिंड समोर दिसत असायची, तिच्यावरून आमची माणसं मुंग्यांसारखी पलीकडे उतरत असायची, आणि मी पाण्याची बाटली पुढे करून म्हणायचो, "काही घाई नाही काकू. बसा आरामात. मग हळूहळू उतरू." मनात काय चाललेलं असायचं ते लिहिण्यासारखं नाही. दगडांमधून एक गुबगुबीत मार्मोट, खारीच्या जातीचा मांजराएवढा प्राणी, डोकं काढून शिट्टी मारायचा. त्याचं मात्र रोजचं जाणं-येणं होतं त्या खिंडीत.

माझा गुडघा आता कुरकुरतो. डॉक्टर म्हणाले, उंच चढउतार अजून दोन-तीन वर्षं ठीक, मग बघू. त्या 'मग बघू'ने माझी झोप उडाली. यंदा मे महिन्यातल्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि सांगितलं, या वर्षी मी मागे चालणार नाही. मला ते तळं बघायचंय.  अध्यक्ष म्हणाले, "अरे पण मग मागे कोण?" सगळे आपापल्या फोनमध्ये बघायला लागले. त्यात काही जण असे होते की ज्यांच्या मुलांच्या नाड्या मी गुडघे टेकून बांधल्या होत्या.

शेवटी जुलैत माझी मुलगी आली आणि प्रश्न सुटला. ती व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. लहानपणी डोंगराचं नाव काढलं की तिचं पोट दुखायचं, त्यामुळे तळं तिनेही पाहिलेलं नव्हतं. आता तिला आवडतं, पण तिकडे हे डोंगर नाहीत. मी जेवताना माझं रडगाणं गात होतो. ती म्हणाली, "मी करते बाबा. हाऊ हार्ड कॅन इट बी?" मी तिला शिट्टी दिली, औषधांची पिशवी दिली आणि सगळे नियम नीट समजावले. "समजलं ना? शेवटच्या माणसाला सोडायचं नाही. काहीही झालं तरी." ती म्हणाली, "गॉट इट."

सहलीच्या दिवशी मी पहिला निघालो. काय सांगू. पुढे एकही पाठ नाही. झाडांतून येणारं कोवळं ऊन, ओल्या मातीचा आणि चिकाचा वास, ओढ्याकाठी जांभळी-पांढरी कोलंबाइन फुलं, आणि त्यांच्यासमोर सेल्फी काढणारं कोणी नाही. माझे पाय आपोआप भरभर पडायला लागले. बायको मागून म्हणाली, "अरे, दमाने." मी ऐकलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दमाने चाललो होतो. आज माझ्या दमाने जाणार होतो.

माझा दम कुठवर आहे हे मात्र मला ठाऊकच नव्हतं. मागे चालून चालून मी इतकी वर्षं गोगलगायीच्या गतीने डोंगर चढत होतो, आणि त्यामुळे मला कधी काही होत नाही हे मी माझं कर्तृत्व समजत होतो. झाडं खुजी व्हायला लागली तशी कपाळात एक बारीक कळ सुरू झाली. मग पोटात ढवळायला लागलं. मी नाडी बांधायला म्हणून खाली बसलो. नाडी सुटलेली नव्हती.

मंडळी मला ओलांडून जायला लागली. आधी बायको आणि तिचा नेहमीचा पुढचा घोळका. मी म्हटलं, "व्हा पुढे, मी जरा फोटो काढतोय." मग मधली फळी. मग पोरंबाळं. मग एक गृहस्थ, जे गेल्या वर्षी नवीन बुटांनी पायाला फोड आले म्हणून माझ्या खांद्यावर भार टाकून उतरले होते, ते "मस्त हवा आहे, नाही?" असं म्हणून पुढे गेले. मला त्यांना तिथेच ढकलून द्यावंसं वाटलं. आणि मग दोन काठ्या टेकत, एका लयीत, काकू आल्या. त्या थांबल्याही नाहीत. "या हळूहळू," एवढंच म्हणाल्या.

काकूंच्या मागे कोणी नव्हतं. म्हणजे माझी मुलगी होती, गळ्यात शिट्टी अडकवून.

"आर यू ओके, बाबा?"

"मला काही झालेलं नाही. तू चल."

"मी तुझ्यापुढे जाऊ शकत नाही ना."

मी चालायला लागलो. चार पावलं टाकायचो आणि थांबायचो. कपाळातली कळ आता डोळ्यांच्या मागे गेली होती. समुद्रसपाटीवरून दोन आठवड्यांपूर्वी आलेल्या मुलीला काही होत नव्हतं आणि इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या मला होत होतं, याचा मला भयंकर राग आला. डोकं दुखणं आणि मळमळ हे दोन्ही एकदम आलं की मुकाट्याने खाली उतरायचं, हे मी दर सहलीच्या आधी सगळ्यांना पाठ म्हणून दाखवतो. त्यामुळे मी मळमळीबद्दल चकार शब्द काढला नाही. मागून तिच्या बुटांचा आवाज यायचा, मी थांबलो की थांबायचा. मग ती अगदी प्रेमाने म्हणाली, "काही घाई नाही, बाबा. आरामात."

मी वळून पाहिलं. ती हसत होती. हसणं अगदी माझंच होतं, ओठ ताणलेले आणि डोळे माझ्या डोक्यावरून खिंडीकडे लागलेले. आवाजात साखर होती आणि साखरेच्या खाली काय होतं ते मला इतकं स्वच्छ ऐकू आलं की माझे कान गरम झाले. जाऊ नकोस ना इतका हळू, असं ती म्हणत होती. उठ, नाहीतर परत तरी फिर. मला वर जायचंय.

शिळेपाशी पोचल्यावर मी सकाळचे सगळे पोहे दगडांमध्ये ओकलो. लपवायला काही उरलं नाही. मी त्या शिळेवर बसलो, जिच्यावर मी तीन वर्षं काकूंना बसवलं होतं. समोर खिंड. तिच्यावरून आमची माणसं मुंग्यांसारखी पलीकडे उतरत होती.

"तू जा," मी म्हटलं. "मी इथे बसतो."

"नो."

"अगं, मी काय लहान आहे? जा बघून ये."

"शेवटच्या माणसाला सोडायचं नाही. काहीही झालं तरी. यू सेड दॅट." ती खाली बसली आणि एक खडा उचलून दुसऱ्या दगडावर आपटत राहिली. "इट्स युअर रूल, बाबा."

मी तिला समजावलं, रागावलो, मग पुन्हा समजावलं. यात तासभर तरी गेला, पण ती ढिम्म हलली नाही. तिचे दात आवळलेले होते. मी नियम केला तेव्हा तो दुसऱ्या कोणाच्या काळजीसाठी होता. आज तो माझ्याच मुलीला माझ्याजवळ खिळवून बसला होता, आणि माझं तळं तर गेलंच होतं, आता तिचंही जाणार होतं. पुढच्या उन्हाळ्यात ती येईल की नाही कोणाला ठाऊक. मला स्वतःचा इतका वैताग क्वचितच आला असेल. तो मार्मोट यंदाही आला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आम्ही उतरायला उठणार एवढ्यात वरून काठ्यांचा आवाज आला. काकू येत होत्या, तोंड लालबुंद, टोपी तिरकी.

"पोचलात?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघालं.

"पोचली न. बाकीचे फोटो काढून राहिले. मला उतरायला वेळ लागते म्हणून आधी निघाली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दगडांमधल्या पोह्यांकडे, मग मुलीच्या तोंडाकडे. त्या काय समजायचं ते समजल्या. "तू जा बेटा. यांना मी नेते खाली."

"पण काकू, रूल..."

"एकटं सोडायचं नाही, असाच आहे न रूल? मग ते एकटे कुठे आहेत. ढग यायच्या आत जा अन् सगळ्यांसंग परत ये."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने औषधांची पिशवी काकूंकडे दिली आणि ती त्या दगडांवरून अशी सुटली की मला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. मिळाला असता तरी मी काय म्हणणार होतो? सावकाश जा, एवढंच.

आम्ही उतरायला लागलो. मी पुढे, काकू मागे. झाडांत शिरल्यावर डोकं थोडं हलकं झालं. मी एका खोडाला धरून थांबलो. मागून काकू म्हणाल्या, "काही घाई नाही हो भाऊ. आरामात."

मी वळलो. त्या हसत नव्हत्या. मग हसल्या.

"कसं वाटते?" त्यांनी विचारलं.

मी खोड सोडून सरळ उभा राहिलो.

"तीन वर्षं तुम्ही माझ्या मागून हे म्हणून राहिले होते. दर दहा पावलांवर. मला असं वाटायचं की या माणसाला एक काठी घालावी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही इतके चांगले वागून राहिले होते." त्यांनी काठीने वाटेतला एक दगड बाजूला केला. "म्हणून यंदा थंडीभर गावच्या व्यायामाच्या त्या रेक सेंटरमधल्या ट्रॅकवर चकरा मारल्या. सून म्हणे, आई, तुम्हाला ते तळं इतकं बघायचंय का? तिला काय सांगू? तळ्याचं एवढं काही नाही. मला फक्त तुम्ही मागे नको होते."

त्यानंतर बराच वेळ मी न थांबता चाललो. गुडघा दुखत होता. मागून काठ्यांची टकटक येत होती आणि ती थोडी जरी मंदावली तरी मला वाटायचं, आता या पुन्हा ते वाक्य म्हणणार. मी पाय उचलत राहिलो.

पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून आम्ही दोघं तिच्यात बसलो. तासाभराने आकाश काळवंडलं आणि मंडळी उतरायला लागली. बायको आली, माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "तरी मी म्हटलं होतं, दमाने," आणि बाकीच्यांच्या गाड्या बघायला गेली. फोड आलेले गृहस्थ हवेबद्दल काहीतरी बोलले. सगळ्यांत शेवटी, जिथे यायला हवी तिथेच, माझी मुलगी आली. गळ्यात शिट्टी, गालांवर उन्हाचे चट्टे.

"कसं होतं?" मी विचारलं.

तिने खांदे उडवले. "इट्स जस्ट अ लेक, बाबा. तू काही मिस केलं नाहीस." आणि हसली. ओठ ताणलेले.

"खरं सांग," मी म्हटलं.

 ती डिकीच्या कडेला टेकली. "ओके. इट वॉज अनरियल. पाणी असं आहे ना, अगदी तळाचे दगड दिसतात, एकेक दगड. अँड इट्स सो क्वायट. मी खूप वेळ नुसती बसले." तिने बुटाचं टोक जमिनीवर घासलं. "आणि वर, त्या दगडापाशी, आय वॉज सो मॅड अ‍ॅट यू. सॉरी. मी दाखवलं नाही."

"मला कळलं होतं."

"कसं? आय वॉज बीइंग सो नाइस."

 काकूंनी चिवड्याचा डबा उघडून तिच्यापुढे धरला.

"पुढे चालणाऱ्याला ऐकू येते सगळं," त्या म्हणाल्या. "विचार तुझ्या बाबांना."